आधी खर्ज, मग गेन

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरमधून उग्र आणि तरीही प्रत्येक आघात सुटा ऐकू येणारा ध्वनी हवा असेल, तर खर्ज विकृतीच्या आधी कापावा लागतो. नंतर कापून उपयोग होत नाही. विकृती, म्हणजे वादकांच्या बोलीत डिस्टॉर्शन, ही संकेत व्हॉल्व्हच्या क्षमतेपलीकडे वाढवल्यामुळे त्याच्या लहरींचे माथे सपाट कापले जाण्याची क्रिया होय, आणि ती किती व्हावी हे ठरवणाऱ्या नॉबला गेन म्हणतात. एका वाक्यात मावणारे हे तत्त्व प्रस्तुत लेखकाला कळण्याआधी सात धडधाकट व्हॉल्व्ह बदलले गेले, आणि त्यांचे पैसे घेणाऱ्याने एकदाही ॲम्पला गिटार जोडून ऐकले नाही, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी जो जेटीएम४५ हा ॲम्प घडला, तो अमेरिकेतील फेंडर बासमनच्या सर्किटवर बेतलेला होता, आणि बासमन हा नावाप्रमाणेच बास गिटारसाठी काढलेला ॲम्प होता. पुढे त्या घराण्यात वर्धनाच्या पायऱ्या वाढल्या, मास्टर व्हॉल्यूम आला, आणि १९८० च्या दशकात थ्रॅश, म्हणजे अतिजलद धाटणीचे मेटल, वाजवणाऱ्यांनी पाम म्यूट, म्हणजे तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून काढलेले दबके, ठोक्यासारखे आघात, ही आपल्या वादनाची ओळखच करून टाकली. प्रस्तुत लेखकाने पुण्यात जुना म्हणून घेतलेला १०० वॅटचा ॲम्प याच धाटणीचा होता. त्यात पहिल्या वर्धनासाठी तीन ईसीसी८३ आणि स्पीकर हलवण्यासाठी चार ईएल३४ व्हॉल्व्ह होते.

गेन नऊवर ठेवून सहाव्या तारेवर जलद पाम म्यूट वाजवले की पहिला ठोका फुटल्यासारखा पसरे आणि पुढचे दोन-तीन त्यात बुडून जात. ही तक्रार घेऊन ॲम्प दुरुस्तीच्या दुकानात गेला, तेव्हा कारागिराने मागचे झाकण काढले, टॉर्च मारला आणि सांगितले, ‘साहेब, व्हॉल्व्ह बसलेत. सगळा संच बदलावा लागेल.’ संच बदलला गेला, बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून संकेत नसताना वाहणारा प्रवाह, जुळवला गेला, आणि ॲम्प घरी येऊन जसाच्या तसा वाजला. दुसऱ्या खेपेला नवे ईएल३४ जोडीचे नसावेत असा तर्क निघाला आणि आणखी चार मागवले गेले. तिसऱ्या खेपेला आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर संशय आला. या तिन्ही खेपांत मल्टिमीटर लागला, आकडे कागदावर उतरले, सारे आकडे योग्य निघाले, आणि तरीही आकडे योग्य असताना दोष व्हॉल्व्हमध्ये कसा, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी विचारला नाही. थकलेल्या ईएल३४ ची लक्षणे, म्हणजे आवाज खाली येणे, चमक जाणे, एखादी प्लेट लाल होणे, यांपैकी एकही या ॲम्पमध्ये नव्हते. मागून घेतलेले जुने सातही व्हॉल्व्ह नंतर एका मित्राच्या ॲम्पमध्ये लावले, तेव्हा ते बिनतक्रार चालले. पैसे गेल्याचे दुःख कालांतराने ओसरते, परंतु ऐकून घ्यायची गोष्ट कोणी ऐकलीच नाही, याचा सल ओसरत नाही.

दोष कुठे होता हे बास नॉबने दाखवले. तो सातवरून शून्यावर आणला तेव्हा ध्वनी पातळ झाला, पण ठोके पूर्वीइतकेच एकमेकांत मिसळलेले राहिले. कारण असे, की या धाटणीच्या ॲम्पमध्ये बास, मिडल आणि ट्रेबल हे नॉब पहिल्या व्हॉल्व्हांतील विकृती होऊन गेल्यानंतर येतात, आणि शिजलेल्या आमटीतून मीठ वेगळे काढता येत नाही. सहाव्या तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा आणि पॉवर कॉर्डमधील, म्हणजे मूळ स्वर आणि पंचम एकत्र छेडताना त्याच्यासोबत वाजणारा, पंचम सुमारे १२३ हर्ट्झचा असतो. विकृतीत या दोहोंच्या फरकाचा ४१ हर्ट्झचा तिसराच स्वर निर्माण होतो आणि तळाशी गाळासारखा साचतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट कपॅसिटरची. दोन वर्धन-पायऱ्यांना जोडणारा कपॅसिटर मोठ्या खर्जाच्या आघाताने पुढच्या व्हॉल्व्हची ग्रिड, म्हणजे संकेत स्वीकारणारी जाळी, धन झाली की भारित होतो, आणि तो भार निघून जाईपर्यंत त्या व्हॉल्व्हचे काम बंद किंवा अर्धवट राहते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगाओहमचा रोध असेल, तर भार सुमारे एक-तृतीयांशावर यायलाच २२ मिलिसेकंद लागतात. १८० च्या लयीत एका ठोक्यात चार आघात वाजवले तर दोन आघातांमधले अंतर अवघे ८३ मिलिसेकंद असते. बुडणारे ठोके इथे बुडत होते.

उपाय मग सर्किटबाहेरच सापडला. ट्यूब स्क्रीमर या हिरव्या पेडलची ड्राइव्ह, म्हणजे त्याची स्वतःची विकृती, शून्यावर आणि लेव्हल, म्हणजे बाहेर जाणाऱ्या संकेताची पातळी, पूर्ण ठेवून ते गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडले. हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली वर्धन उताराने कमी करत जाते, त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हला पोहोचणारा खर्ज आधीच आटोपशीर होतो. ॲम्पचा गेन नऊवरून पाचपर्यंत उतरवला, पिकअपची खर्जाकडील बाजू स्क्रूने दोन फेरे खाली घेतली, आणि कापलेला खर्ज विकृतीनंतर बास नॉबने थोडा परत दिला. तीच रिफ, म्हणजे पुन:पुन्हा येणारा वादनखंड, तेव्हा ठोका-ठोका मोजता येईल इतकी सुटी ऐकू आली. हेच तत्त्व काही ॲम्पमध्ये मुळातच असते: कॅलिफोर्नियातील मेसा बूगी या कंपनीच्या मार्क मालिकेत टोनचे नॉब विकृतीच्या आधीच बसवलेले असतात आणि अंतिम आकार शेवटच्या पाच-पट्ट्यांच्या इक्वलायझरने दिला जातो. मेटालिका या थ्रॅश बँडने १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बमसाठी यातीलच मार्क टू-सी-प्लस वापरला होता.

येथे त्या कारागिराविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. ‘आवाज सैल वाटतो’ ही तक्रार मल्टिमीटरवर दिसत नाही, आणि ज्याचे आयुष्य मुकी यंत्रे बोलती करण्यात गेले, त्याला बोलत्या ॲम्पमधला दोष व्हॉल्व्हमध्येच दिसावा, हे समजण्यासारखे आहे. तरीही ग्राहकाला ‘वाजवून दाखवा’ म्हणायला विशेष ज्ञान लागत नाही. घट्टपणा हाच सर्वोत्तम ध्वनी, असेही आता प्रस्तुत लेखकाला ठामपणे म्हणवत नाही. संथ, जड रिफ वाजवताना पेडल बंद करून तोच पसरणारा खर्ज मुद्दाम सोडला जातो आणि तो आवडतोही.

ज्यांच्या ॲम्पमध्ये खर्ज गढूळ होतो, त्यांनी व्हॉल्व्ह मागवण्याआधी गेन निम्म्यावर आणावा, खर्ज ॲम्पच्या आधी कापून पाहावा, आणि दुरुस्तीला गेल्यास समोर वाजवून दाखवण्याचा आग्रह धरावा. ॲम्प स्वतः मात्र उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर भार शिल्लक असू शकतो. नंतर दुसऱ्या एका कारागिराने बायस नव्याने जुळवून दिला, आणि आज त्या ॲम्पमध्ये ‘बसलेले’ ठरवलेले तेच सात जुने व्हॉल्व्ह चालू आहेत.