मूठ जिथं पोचत नाही

शेळीच्या पोटाची सोनोग्राफी म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. वारणानगरच्या पंचक्रोशीत पशुवैद्यक म्हणून फिरताना सोनोग्राफीशी माझा संबंध यायचा तो गाई-म्हशींच्या गाभण तपासणीपुरता. इथला संसार ऊस आणि दुधावर चालतो. तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्यापाठोपाठ दूध संघ उभा केला, तेव्हापासून म्हैस आजारी पडली की सगळं घर धावतं. शेळी असते ती बहुतेक मजुरीला जाणाऱ्या बाईच्या दारात. शेळीच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरायची, मिनिटाला एक-दोनदा कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यांत मोठा कप्पा, मूठ उचलतं का बघायचं, स्टेथोस्कोपनं गुरगुर ऐकायची. एवढ्यात निदान होतं, मग खर्च कशाला?

मत बदललं ते जाळीपोटामुळं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा हा सगळ्यांत पुढचा कप्पा. छातीच्या हाडाच्या मागच्या टोकावर बसलेला, श्वासपटलाला चिकटून. तिथं मूठ पोचत नाही आणि कोठीपोटाच्या आवाजात त्याचा आवाज वेगळा काढता येत नाही. पण पोटाच्या हालचालीची प्रत्येक मुख्य फेरी सुरू होते ती तिथूनच. झुरिकच्या उएली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ३० निरोगी सानेन शेळ्यांच्या जाळीपोटाची सोनोग्राफी करून २०११ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर मला राहवेना.

एका शेळीच्या छातीखालचे केस भादरले, जेल चोळलं, तिला उभीच ठेवली. पडद्यावर अर्धचंद्रासारखी गुळगुळीत कड दिसली. ती आक्रसली, जराशी सैलावली आणि पुरती सैल व्हायच्या आतच दुसऱ्यांदा इतकी जोरात आक्रसली की पडद्यावरून नाहीशीच झाली. मग सावकाश जागेवर आली. साधारण मिनिटाभरानं पुन्हा तेच. थोड्या वेळानं शेळी रवंथ करू लागली, तेव्हा या दोन आकुंचनांच्या आधी एक जादाचं आकुंचन आलं आणि पाठोपाठ गळ्यातून घास वर सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसला. कॉलेजात हे पाठ केलं होतं. पण घास वर ढकलला जातो तो क्षण आतून आणि बाहेरून एकदम बघणं ही वेगळीच गोष्ट. मी कितीतरी वेळ प्रोब हलवला नाही.

यंत्र आलं की वैद्याचा जनावराशी संबंध तुटतो, हीही माझी एक धारणा. अनुभव उलटा आला. हार्वर्डमध्ये शिकत असताना वॉल्टर कॅननने मांजरांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांनी बघायला सुरुवात केली. मांजर बिथरलं की जठर थांबतं, हे त्याच्या ध्यानात आलं. शेळीचंही तसंच आहे, घाबरली की पोट मंदावतं. गुंगीचं झायलाझिन टोचावं, तर ते पोटाची हालचालच थांबवतं. मग उरते ती मालकीण. तिनं शेळीचं डोकं मांडीशी धरायचं, कानामागं खाजवायचं, नावानं हाक मारत राहायचं. ती शेजारी नसेल तर पडद्यावर भरवशाचं काही मिळत नाही.

मर्यादाही आहेत. वायू असतो तिथं ध्वनिलहरी अडतात, म्हणून कोठीपोटात साचलेलं प्लॅस्टिक दिसेलच असं नाही. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, तरी उकिरड्यावरच्या पिशव्या शेळ्यांच्या पोटात जातातच. तार किंवा खिळा शोधायला क्ष-किरणच बरे. मात्र लग्नातला उरलेला भात किंवा धान्य भरमसाट खाल्लेली शेळी आडवी होते, कोठीपोटात आम्ल वाढून हालचाल थंडावते, तेव्हा सलाईन आणि सोड्यानंतर जाळीपोट पुन्हा हलू लागलं का, हे मी आता पडद्यावर बघतो. मालकिणीलाही दाखवतो. शिळा भात घालू नका, हे माझं सांगणं तिनं अनेकदा ऐकलेलं असतं. थांबलेलं पोट बघितल्यावर ती स्वतःच विचारते, किती घातला तर चालतो?

खर्चाचं म्हणाल, तर गाभण तपासणीचंच यंत्र इथं चालतं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांच्या शिबिरांत जंतनाशक पाजून आणि लस टोचून आम्ही मोकळे होतो. यापुढं चारा सोडलेल्या शेळीच्या छातीखाली निदान तीन-चार मिनिटं प्रोब धरावा, आणि शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना गाभण तपासणीइतकीच जाळीपोट ओळखण्याचीही सवय असावी, असा माझा आग्रह आहे.