आबांची बाग आणि इटलीची वाइन

हजीऱ्यात राहून वाइनवर लेख लिहिणं म्हणजे एकादशीला मटणाची पाककृती सांगण्यासारखं आहे. गुजरात राज्य १९६० साली झालं, तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. आमच्या टाउनशिपमध्ये पार्टी म्हणजे पावभाजी आणि छास. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, कारण आमच्या घरची दारूबंदी याहून कडक आहे.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात. घरची थॉमसनची द्राक्षबाग. माझे थोरले चुलते दारूपायी गेले. जाण्याआधी त्यांच्या वाटणीची चार एकर जमीन गेली होती. मी तेव्हा सातवीत होतो. त्यानंतर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो विषयच घरात बंद केला. पुढे एकदा वाइनची द्राक्षं करारावर लावा म्हणून सांगायला एक माणूस आला. आबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "माझं द्राक्ष पेटीत जाईल न्हाईतर बेदाण्याला जाईल. बाटलीत जायचं न्हाई."

अशा घरातला मी, तीन महिन्यांसाठी इटलीला गेलो. आमच्या कारखान्यातल्या एका यंत्रणेचं सॉफ्टवेअर तिकडे तयार होत होतं. राहायला जागा मिळाली पिएमोंते प्रांतात, आस्ती शहराजवळच्या एका खेड्यात. घरमालक पंचाहत्तरीचे आजोबा. घरामागे त्यांची छोटी बाग, बार्बेरा जातीच्या द्राक्षांची.

पहिल्याच रात्री त्यांनी जेवायला बोलावलं. टेबलावर पाव, चीज, भाजी आणि वाइनची बाटली. मी मानेनंच नको म्हणालो. त्यांनी मुकाट्यानं माझ्या ग्लासात पाणी ओतलं. आग्रह नाही की चेष्टा नाही. दुसऱ्या दिवशी मी बागेत वेलाचं खोड बघत उभा होतो. कलमाचा जोड दिसला आणि मी फोनवरच्या भाषांतरानं विचारलं, "खुंट अमेरिकन का?" आजोबा एकदम खूश झाले. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हापासून तिकडे बहुतेक वेल अमेरिकन खुंटावर बांधतात. आमच्याकडेही डॉगरिजचा खुंट असतो, तोही मूळचा अमेरिकेचाच. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पाहुणा न राहता बागाईतदाराचा मुलगा झालो.

त्यांच्याकडून जे कळलं ते थोडक्यात सांगतो. इटलीत वीस प्रांत आहेत आणि वाइन प्रत्येक प्रांतात होते. द्राक्षाच्या स्थानिक जाती शेकड्यांनी. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते, तिकडे द्राक्ष बदलतं. कुठे वाइनला गावाचं नाव, जसं बारोलो. कुठे द्राक्ष आणि गाव दोन्ही, जसं बार्बेरा द'आस्ती. तोस्कानातली कियांती मुख्यतः सांजोवेसे द्राक्षाची, सिसिलीत नेरो द'आवोला. व्हेरोनाजवळ आमारोने नावाची वाइन करतात, तिच्यासाठी द्राक्षं आधी तीन-चार महिने वाळवतात. हे ऐकून मला आमची बेदाण्याची शेड आठवली.

या नावांना १९६३ सालापासून कायद्याचं संरक्षण आहे. बारोलो म्हणायचं तर द्राक्ष नेब्बिओलोच हवं, ठरलेल्या गावांतलंच हवं, आणि विकण्याआधी वाइन तीन वर्षांहून जास्त मुरलेली हवी. एवढं करूनही १९८६ साली काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं आणि वीसहून अधिक माणसं मेली. हे सांगताना आजोबांचा आवाज खाली गेला होता. मिथेनॉलचे बळी आपल्या गुजरातनंही पाहिले आहेत, २००९ मध्ये अहमदाबादला आणि २०२२ मध्ये बोटादला.

तिसऱ्या आठवड्यात मी अर्धा ग्लास घेतला. खोटं कशाला बोलू? चव आंबट, तुरट, जांभळासारखी. घोट घेताना काका डोळ्यांसमोर आले आणि पुढचा घास नीट गिळता आला नाही. आजोबांचा मात्र रोजचा एकच ग्लास, तोही जेवणाबरोबर. जेवण संपलं की बाटलीला बूच.

परत आलो, पण आबांना सांगायचं धाडस होईना. गेल्या हिवाळ्यात ते हजीऱ्याला आले. एका सकाळी मी त्यांना सुरतेत नीरा प्यायला घेऊन गेलो. ग्लास बघून म्हणाले, "लवकर पी. ऊन चढलं की हिची ताडी हुती." मला तोच धागा मिळाला. म्हटलं, "आबा, इटलीत मी द्राक्षाची प्यालो. अर्धा ग्लास."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "एकरी माल किती काढतात?"

मी सांगितलं, बारोलोला एकरी सव्वातीन टनांच्या वर काढायची परवानगीच नाही. आबा हसायला लागले. "सव्वातीन? आपण धा-बारा टन काढतो तरी भागत न्हाई!" मग दर विचारला, पाऊस विचारला, भुरी आणि डाऊनी तिकडेही येते का ते विचारलं. मी त्यांना अकलूजचंही सांगितलं. इटलीतले भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून तिथे वाइनची कंपनी काढली. तिचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. सांजोवेसे आपल्या सोलापूर जिल्ह्यात पिकतं म्हटल्यावर आबा नुसतं "हं" म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत ते स्वतःहून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुझा काका जेवताना कधी प्यायला न्हाई. जेवण सोडून प्यायला. ताट झाकून तुझी काकू बसून असायची." आणि थोड्या वेळानं, "त्या म्हाताऱ्याची पोरं बाग बघतात का?"

मी म्हणालो, "एकच मुलगी आहे. मिलानला बँकेत असते."

"म्हणजे तिकडं बी आपल्यासारखंच," आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. बारोलो, कियांती ही नावं टिकली ती कायद्यानं खरी, पण दर वर्षी कोणीतरी हातात कात्री घेऊन छाटणीला उभं राहिलं म्हणूनही. आमच्या बागेत आबांनंतर कोण उभं राहणार, हे मी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

वाइन मी पुन्हा घेतलेली नाही. इथे मिळतही नाही आणि आठवणही होत नाही. पण या ऑक्टोबरच्या छाटणीला दहा दिवसांची रजा टाकली आहे. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ये. पण कात्री धरता येती का अजून?"

बघू.