नात्यातली पेटी

काकांची आंब्याची बाग रत्नागिरीजवळ. माल वाशीच्या बाजारात जायचा आणि मागाहून दलालाची पट्टी यायची : हमाली, दलाली, गाडीभाडं वजा जाता हातात काय उरलं ते. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, असं काका सांगायचे. त्या रुमालाखाली काय चाललंय ते बागायतदाराला कळायचं नाही. शेवटी काकूने फर्मान काढलं, काही पेट्या डोंबिवलीला आमच्याकडे उतरवायच्या आणि नातेवाइकांत खपवायच्या. पोचवणारा मी, तेव्हा कॉलेजात.

नातेवाईक हे सर्वांत अवघड गिऱ्हाईक. अनोळखी माणूस भाव पाडून मागतो. नातेवाईक भावच विचारत नाही. "घरचाच आंबा ना?" म्हणत पेटी आत जाते आणि पैशांचा विषय गणपतीपर्यंत निघत नाही. काकूचा तोडगा असा : पहिल्या तोडीतली डझनभर फळं प्रत्येक घरी भेट म्हणून. पुढच्या पेटीला मात्र पूर्ण भाव, रोख. मग मावशी असो की विहीणबाई. "द्यायचं ते दिलं, आता विकतेय," हे ती इतकं सरळ सांगायची की कुणी रुसत नसे. निम्म्या भावात दिलं की ना मान मिळतो ना पैसे, हे तिचं गणित. पुढे नोकरीत सवलतींच्या बऱ्याच योजना पाहिल्या. ते गणित त्यांतल्या बहुतेकींपेक्षा पक्कं होतं.

दुसरी गोष्ट साक्याची. बाहेरून पिवळाधमक हापूस, कापला की आत पांढरट, भुसभुशीत गर. न कापता ते बागायतदारालाही ओळखता येत नाही. काकू पेटी देतानाच सांगायला लावायची, "एखाद्यात साका निघेल. फळ दाखवायला आणू नका, नुसतं कळवा, बदलून देऊ." दूरचे एक मामा दरवर्षी न चुकता साका कळवायचे आणि काकू दोन फळं जास्तच पाठवायची. त्यांच्या सोसायटीत सर्वांत जास्त पेट्या जायच्या. (मामांच्या साक्यावर माझा अजूनही विश्वास नाही.)

हात आखडता असलेल्यांना तर ती एप्रिलमध्ये चक्क थांबायला सांगे. मे सरत आला की भाव उतरतोच आणि उरलासुरला माल किलोवर कॅनिंगला जातो. ती माणसं थांबत, पण दुसरीकडे जात नसत.

यंदा ओळखीचं कुणी पेटी घेऊन दारात आलं, तर भाव जरूर विचारा, पण पैसे तेव्हाच द्या. हंगाम संपताना बागायतदाराला फवारणीच्या औषधांची उधारी आणि राखणीच्या गड्यांचा पगार चुकता करायचा असतो.