जिंकलेल्या रात्रीची गोष्ट

वाचकहो, २०२० साली शहरातून आलेल्या पोरांना गावच्या शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. तशीच ही अमेरिकेतली हकिकत.

इंडियाना राज्यात नोटर डेम नावाचे विद्यापीठ आहे. ७ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांच्या संघाने फुटबॉलमध्ये अव्वल क्रमांकाच्या क्लेमसनला ४७-४० असे हरवले. (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा, बरं का!) झाले! हजारो विद्यार्थी मैदानात उतरले, गर्दी करून नाचले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचे पत्र आले. सुटीला घरी जाण्याआधी तपासणी करा. निकाल येण्यापूर्वी गाव सोडाल, तर पुढच्या सत्राची नोंदणी अडेल.

नियम रास्तच होता. घरी म्हातारी माणसे होती. पण हेच अध्यक्ष, फादर जॉन जेंकिन्स, २६ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या समारंभात तोंड उघडे ठेवून हस्तांदोलन करून आले होते, आणि मग त्यांनाच कोरोना झाला. त्यांनी माफी मागितली, हेही सांगायला हवे.

खरे सांगू? विसाव्या वर्षी मीही मैदानात उतरलोच असतो. मात्र आजीच्या पाया पडण्याआधी तपासणीच्या रांगेत मुकाट्याने उभा राहिलो असतो, पत्र कोणाचेही असो.