फोन की पाटी?

आमचा फोन दुपारी बाराच्या सुमारास मान टाकू लागला आणि नवीन घ्यावयाचे तर फोनच घ्यावा की टॅब्लेट, असा प्रश्न घरात उभा राहिला. घराच्या कर्जाचे हप्ते आणि धाकट्याचे शिक्षण यांतून जे उरते, त्यात एकच वस्तू बसत होती. टॅब्लेट म्हणजे औषधाची गोळी, अशी आमच्या मातोश्रींची समजूत झाली. म्हणून आम्ही त्या वस्तूचे नाव ‘पाटी’ असे ठेवले. अर्थाच्या दृष्टीनेही ते चूक नाही. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली, ती मुलांनी हाती धरावयाच्या वहीएवढ्या संगणकाचीच होती. पुढे २०१० साली आयपॅड आला, २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीस विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’चा गाजावाजा झाला. आमच्या शाळेपर्यंत मात्र खडूचीच पाटी टिकून राहिली.

आदिलाबादेतील दुकानदाराने साडेसहा इंचांचा फोन आणि अकरा इंचांची पाटी समोर ठेवली. हे इंच कर्णाचे असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आम्ही खिशातील पट्टी काढली तेव्हा दुकानातील पोरे हसली. पण हिशेब पाहण्यासारखा निघाला. फोन उंच आणि निमुळता, त्याची रुंदी पावणेतीन इंचांच्या आतच. पाटी उभी धरली तर तिची रुंदी पावणेसहा इंचांहून थोडी अधिक. कर्ण दुपटीहून कमी, पण क्षेत्रफळ तिपटीहून अधिक! आपल्या नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साडेपाच इंच रुंद असते. म्हणजे पाटीवर ते जवळजवळ मूळ आकारात बसते, फोनवर निम्मे होते. अलीकडे टंकलिखित केलेल्या ई-पुस्तकांत अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्याने मोडतात. तेथे फोन चालतो. परंतु जुन्या मराठी ग्रंथांच्या ज्या प्रती संगणकावर मिळतात, त्या बहुधा पानांची छायाचित्रे असतात. ती मोठी केली की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो, आणि शेवट पाहावा तर आरंभ हरवतो.

हे दुःख आम्हांस आमच्या डोळ्यांनी नव्हे, एका विद्यार्थ्याने शिकविले. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही मराठीच्या पुस्तकातील पानांची छायाचित्रे काढून मुलांना पाठवीत असू. पैनगंगेकाठच्या एका खेड्यातील सहावीतील मुलगा वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवी. तो ‘मंद’चे ‘मद’ करी, ‘अंग’चे ‘अग’ करी. आम्ही त्यास फोनवरून दोनदा रागावलो; तिसऱ्या खेपेस तर ‘लक्ष कोठे असते तुझे?’ असे म्हणालो. पावसाळा सरल्यावर त्या घरी जाण्याचा योग आला. काचेला तडा गेलेला फोन आम्ही हाती घेतला आणि तेच पान उघडले. चष्मा लावूनही आम्हांस अनुस्वार दिसेना. मूल जे दिसत होते तेच प्रामाणिकपणे वाचीत होते. त्याची आई म्हणाली, “सर, फोन तर दिवसभर याच्या बाच्या खिशात राहते. कपाशीवरून ते आले की मग रात्री हा वाचते.” आम्ही मुलाची क्षमा मागितली. मुख्याध्यापकाने क्षमा मागावयाची असते, हे त्यास ठाऊक नसल्याने तो आईच्या मागे लपला.

खिशाची ही गोष्ट आमच्या मनात राहून गेली होती; पण तिचा आमच्या घराशी संबंध आहे हे सौभाग्यवतींनी दाखविले. फोनच्या बाजूने आमची वकिली जोरदार होती. शाळेतील उपस्थिती, कार्यालयाचे निरोप, बँकेचा सांकेतिक आकडा, सारे फोनवर. शर्टाच्या खिशात दोनशे ग्रॅमचा फोन राहतो, अर्धा किलोची पाटी राहत नाही. यूपीआयचा व्यवहार तर ज्या यंत्रात बँकेला दिलेल्या क्रमांकाचे सिम आहे, तेच यंत्र मागतो. सिमविना पाटीवर त्याची नोंदणीच होत नाही. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, “अहो, हैदराबादची लेक फोन करते तो तुमच्या खिशात वाजतो, शाळेत. नातवाचा चेहरा मला तुम्ही घरी आल्यावर, तो झोपल्यावर दिसतो. फोन तुमचा असतो. घराचे काय आहे?” यावर आम्ही काही बोललो नाही.

दुकानदारास विचारता कळले की आमच्या फोनचा दोष केवळ बॅटरीचा होता. ती बदलली, फोन खिशात परतला. उरलेल्या पैशांत पाटी घेतली, मात्र सिम बसणारी. नुसती वायफायची तीन-चार हजारांनी स्वस्त होती. पण आमच्या घरी वायफाय नाही आणि आम्ही शाळेत गेलो की आमच्या फोनचे जाळेही आमच्याबरोबरच जाते, मग नातू पुन्हा पडद्याआडच राहिला असता. (जाळ्यावरून आठवले: नदीकाठच्या गावांत उभे राहिले की फोन कधीकधी पलीकडचा मनोरा पकडतो आणि महाराष्ट्रात आपले स्वागत करतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण आंध्र प्रदेशात गेलो आणि २०१४ साली तेलंगणात आलो, हे त्याच्या गावीही नाही.)

पाटी बैठकीतील कोनाड्यात असते. तिला कुलूप नाही आणि कोणाचे नावही नाही. पहिल्या संध्याकाळी जुना एखादा ग्रंथ उघडावा असे आम्ही ठरविले होते. परंतु आधी नातू झाला, मग धाकट्याचे गणित झाले, शेजारच्या दोन मुली मराठीचे पुस्तक पाहावयास आल्या. रात्री दहाला पाटी मातोश्रींच्या पुढ्यात गेली. दोन वर्षे झाली, त्यांनी वाचणे सोडले होते. हरिपाठ पाठ असल्याने आम्हांस ते जाणवलेही नव्हते. आम्ही हरिपाठाचे पान उघडून अक्षर अंगठ्याएवढे केले. त्या बराच वेळ बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे एक अक्षर मी इतकी वर्षे चुकीचे म्हणत आले रे.”

आम्ही वाकून पाहिले. वर टिंब होते.