तुरी अजून बाजारात

बाजारात तुरी, भट भटणीला मारी. डाळ घरात आलेली नाही, चूल पेटलेली नाही, आणि वरण घट्ट करायचं की आमटी पातळ यावरून भांडण मारहाणीपर्यंत गेलेलं. सांगणाऱ्यागणिक भांडणाचं कारण बदलतं, मार तेवढा कायम राहतो. म्हण ऐकून माणसं भटाच्या उतावळेपणाला हसतात. भटणीचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही.

उद्याच्या समाजावर केलेले जुने दूरचित्रवाणी माहितीपट पाहताना ही म्हण पिच्छा सोडत नाही. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९६७ साली वॉल्टर क्रॉंकाइट यांची ‘द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमधल्या एका भागात त्यांनी २००१ सालचं घर दाखवलं. घरातच कचेरी, पडद्यावर बातम्या, हवामान आणि शेअर बाजाराचे भाव. स्वयंपाकघरात सगळं यंत्रावर. आठवड्याला तीस तास काम आणि वर्षाला महिनाभर सुटी, असा अंदाजही त्यात होता.

यातलं बरंचसं खरं ठरलं. नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या कांदा मार्केटमध्ये ट्रॉलीवर बसलेला शेतकरी लिलावाची वाट पाहता पाहता मोबाइलवर लासलगावचा भाव बघतो. तीस तासांचा आठवडा मात्र तिथल्या मोसम खोऱ्यात कोणाच्या वाट्याला आलेला नाही.

त्या मालिकेचा प्रायोजक होता युनियन कार्बाइड. भारतातला प्रेक्षक या नावापाशी थांबतोच. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये याच कंपनीच्या भारतीय उपकंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतली माणसं हजारोंनी मेली. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना त्यांचा उद्या कसा हवा, हे कधी कोणी विचारलं होतं? भटणी आठवते ती इथे. पण इथे म्हण ताणली जाते, हेही खरं. क्रॉंकाइट बातमीदार होते, कारखाना दुसऱ्यांनी चालवला, आणि मधे सतरा वर्षं गेली. पडद्यावरच्या स्वप्नाचा आणि त्या रात्रीचा सरळ धागा जोडता येत नाही. तरी एकाच नावाने दोन्हीकडे असावं, हे मनातून जात नाही.

आपल्याकडे क्रॉंकाइटांच्या मालिकेच्या जवळ जाणारी मालिका म्हणजे दूरदर्शनची विज्ञानावरची ‘टर्निंग पॉइंट’. ती १९९१ साली सुरू झाली. सूत्रसंचालक माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड, आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला प्राध्यापक यश पाल. याच यश पालांनी आधी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक म्हणून १९७५-७६चा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग उभा केला होता. सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचला होता. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. ‘टर्निंग पॉइंट’मध्ये विज्ञान प्रेक्षकाच्या शंकेला धरून पुढे जायचं. उद्या काय होणार हे ऐकवणं वेगळं, आणि हे असं का होतं हे विचारू देणं वेगळं. भटणीला निदान बोलू दिलं, असं म्हणावंसं वाटतं.

मात्र म्हणीचा खरा कस बागलाणात कांदा साठवायच्या चाळीत लागतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. लगेच विकायचा की दिवाळीपर्यंत राखायचा, हे तेव्हाच ठरवावं लागतं. चाळीत शिरलेला माणूस मूठभर कांदे उचलतो, मान दाबून पाहतो. मान जाड असेल तर तो टिकणार नाही. ओलसर वास आला की हात आत घालून सडका शोधतो, कोंब आलेला बाजूला टाकतो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करतो. बाजारात काय होणार हे न कळता रोज घरात निर्णय घ्यायचा, हेच त्याचं काम. त्याला उतावळा कसं म्हणणार? तुरी बाजारात असतानाच ज्यांना पोट भरण्याचा हिशेब मांडावा लागतो, त्यांना ही म्हण लागूच पडत नसावी.

कोंब फुटू नये यासाठी याच नाशिक जिल्ह्यात भविष्यकाळ एकदा प्रत्यक्ष उतरला. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प २००२ साली सुरू झाला. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांचा थोडासा मारा दिला की कांद्याला कोंब येत नाही. क्रॉंकाइटांच्या मालिकेत शोभेल अशी ही गोष्ट. पण प्रकल्पाचा बोलबाला झाला तो २००७ साली, तिथे विकिरण केलेला हापूस अमेरिकेला गेला तेव्हा. कांद्यासाठी योजलेलं आंब्याच्या कामी आलं. हे यश म्हणायचं की चुकामूक? दोन्ही म्हणता येतं.

चाळीतल्या कांद्याचं भविष्य बहुधा दिल्लीतला एक आदेश ठरवतो. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, आणि बंदी उठली ती ४ मे २०२४ला. तोवर नवा उन्हाळ कांदा निघून गेलेला. कोणत्याही माहितीपटाला हे आधी दाखवता आलं असतं का, याची शंकाच आहे. आणि दाखवलं असतं तरी नामपूरच्या शेतकऱ्याने वेगळं काय केलं असतं, हेही सांगता येत नाही.

जुन्या मालिकांचे भाग कुठे हाती लागले तर घरातल्या थोरांना शेजारी बसवून पाहावेत. किती अंदाज बरोबर आले हे मोजण्यात वेळ घालवू नये. हा उद्या ठरवताना कोणाला विचारलं होतं आणि कोणाला नाही, एवढं प्रत्येक भागानंतर वहीत लिहून ठेवावं.