ओल्या चामड्याचा ताण

क्युबाबाहेर ज्या उभ्या ढोलाला सरसकट कोंगा म्हणतात त्या तुंबादोरेच्या घडणीत लाकूडकाम सर्वांत अवघड नसते. पट्ट्यांना बाक देणे, त्या एकमेकींना चिकटवणे, खोड गोल उतरवणे ही मेहनतीची कामे आहेत, पण ती शिकवता येतात आणि बिघडली तर डोळ्यांना दिसतात. ओले चामडे खोडावर किती ओढून बसवायचे, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. त्याचा निर्णय हाताला आज घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता की नाही हे कानाला चार-पाच दिवसांनी कळते. मधल्या काळात कारागिराने करण्यासारखे जवळपास काहीच उरत नाही.

या वाद्याच्या पूर्वजांना हा प्रश्न एवढा छळत नसे. कोंगो खोऱ्यातून गुलाम म्हणून क्युबात आणलेल्या लोकांच्या वंशजांचे युका आणि माकुता हे ढोल होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तुंबादोरा त्यांच्यातूनच आकाराला आली. तेव्हा चामडे खोडावर खिळ्यांनी ठोकलेले असे. जळता कागद किंवा दिवा जवळ धरून ते तापवायचे, सूर चढला की वाजवायचे, उतरला की पुन्हा तापवायचे. 1940 आणि 1950 च्या दशकांत धातूच्या रिंगा, हूक आणि नट रूढ झाले. याचे श्रेय बहुतेक वेळा क्युबन वादक कार्लोस ‘पातातो’ वाल्देस यांना दिले जाते. पान्याने सूर लावता येऊ लागल्यावर क्विंतो, त्रेस दोस आणि तुंबा या तिन्ही आकारांच्या तुंबादोरा ठरावीक सुरांत लावून एकच वादक वाजवू लागला. पण या सोयीने एक बंधनही आणले. हुकाच्या आट्यांना शेवट असतो. चामडे ओले असताना ढिले राहिले, तर पुढे रिंग खाली खेचता खेचता आटे संपतात आणि हवा तो सूर चढायच्या आधीच पाना अडतो.

चामड्याची निवड हे अर्धे काम. जुन्या क्युबन वादकांची पसंती खेचराच्या कातड्याला होती. आज बैलाचे आणि गाईचे जास्त मिळते, कारखान्यांत पाणम्हशीचे चालते, आणि बोंगोच्या दोन ढोलक्यांपैकी लहान ‘माचो’साठी वासराचे पातळ कातडे धरतात. केस काढलेले, न कमावलेले, साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाडीचे चामडे तुंबादोरेला चालते. जनावर कोणते, यापेक्षा त्या कातड्याचा कोणता भाग वाट्याला आला याने अधिक फरक पडतो. पाठीचा कणा जिथून जातो तिथे चामडे जाड आणि ताठ असते. पोटाकडे ते पातळ होत जाते आणि नको तेवढे ताणते. म्हणून कण्याची रेघ गोलाच्या मधोमध यावी असा तुकडा कापतात. दोन्ही बाजूंना उतार सारखा मिळाला की चामडे निदान तोल सांभाळते. कणा एका कडेला गेलेला तुकडा कितीही स्वच्छ आणि पांढराशुभ्र असला, तरी त्यावर वेळ घालवू नये.

तबल्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना इथली अडचण चटकन समजेल. गोल ताणलेल्या नुसत्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 पटीत येतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या पुडीवरची शाई ही विसंगती दुरुस्त करते. मृदंग आणि तबल्यातले हे रहस्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली उलगडून दाखवले. तुंबादोरेवर शाई नसते. उघड्या चामड्याला स्वतःच्या एकसारखेपणाखेरीज दुसरा आधार नाही. त्यातही 1.59 पटीच्या उपस्वराची खोड अशी, की तो जोडीने येतो: एक कण्याच्या दिशेने हलतो, दुसरा त्याला काटकोनात. चामडे सगळीकडे सारखे असेल तर ही जोडी एकाच स्वरात विरघळते. कण्याकडे ताठ आणि कडेला मऊ असेल तर दोन जवळजवळचे स्वर एकाच वेळी उमटतात आणि थापेची आस थरथरते. नट घट्ट-सैल करून हे दोन स्वर एखाद्या पट्टीत जवळ आणता येतात. पण तो तोल ताणाने साधलेला असतो आणि मूळ दोष वजनाचा आणि ताठपणाचा असतो, म्हणून ढोल दुसऱ्या पट्टीत नेला की थरथर परत येते.

जाडीतला हा फरक जुने कारागीर बोटांनी ओळखतात. अंगठा आणि तर्जनीत चामडे धरून गोलाभोवती हात फिरवला की कुठे फुगवटा आहे, कुठे उतार, हे कळते, आणि त्या ओळखीचा अभिमान या कामात फार मोठा आहे. मोजमापाचे कॅलिपर काढणाऱ्या शिकाऊ मुलाकडे त्रासिक नजरेने पाहणारे उस्ताद प्रत्येक कार्यशाळेत सापडतात. पण वर्षानुवर्षे ओली, चुन्यातून काढलेली चामडी ओढून बोटांची कातडीच जाड होते, आणि साठीच्या हाताला अर्ध्या मिलिमीटरचा फरक तिशीतल्या हातासारखा लागत नाही. हे मान्य करायला कारागीर सहसा तयार होत नाही. त्याचे कान अजून शाबूत असतात, त्यामुळे ढोल वाजल्यावर दोष त्याला ऐकू येतो, पण तोवर चामडे वाळलेले असते. कॅलिपर वापरणारा शिकाऊ मुलगा अशा वेळी उस्तादापेक्षा चांगले चामडे निवडतो, आणि तसे कबूल करण्यात कमीपणा नाही.

आता मूळ प्रश्न. जाड चामडे थंड, स्वच्छ पाण्यात दिवसभर भिजत राहिले की हाताला पूर्ण मऊ लागते. गरम पाण्याने काम लवकर होते, पण चामड्याचा जीव जातो. ते आतल्या रिंगभोवती गुंडाळून, वरून बाहेरची रिंग चढवून, उरलेला काठ पकडीने चारी बाजूंनी ओढत चामडे खोडावर आणले जाते. इथून पुढे दोन मते आहेत, आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांच्या ढोलांना नावे ठेवतात.

एक पक्ष म्हणतो की ओले असतानाच नट चांगले आवळावेत. वाळताना चामडे आपोआप आक्रसते आणि ढोल पहिल्या दिवसापासून उंच सुरात बोलतो. ढोल लगेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा असतो तिथे हा मार्ग प्रिय आहे. त्याची किंमत अशी, की ओले चामडे ताणाखाली लांबते, तसेच लांबलेल्या स्थितीत वाळते, आणि त्याच्यातला लवचिकपणा संपतो. असा ढोल थापेला कडक, कोरडा आवाज देतो. त्याची आस तुटते, आणि सूर उतरवून पाहिले तरी तळाशी गोडवा सापडत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते ओल्या चामड्याला फक्त सुरकुती राहणार नाही एवढाच ताण द्यावा. चामड्याला वाळताना स्वतःच्या मर्जीने आक्रसू द्यावे, आणि सूर नंतर हळूहळू चढवावा. हे चामडे अनेक महिने उघडत जाते आणि चांगले उघडते. पण त्यात आट्यांचा हिशेब चुकण्याचा धोका आहे. ओल्या अवस्थेत आतली रिंग काठाच्या बरोबरीला राहिली, तर वाळलेले चामडे तिला वर उचलते, आणि मग वादकाच्या तळहाताला लोखंड लागते.

या लेखाचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे, एका अटीवर. ओल्या चामड्याला ताण कमी द्यावा, पण रिंग खाली घ्यावी. काठापासून आतली रिंग 1 ते 2 सेंटिमीटर खाली बसलेली असावी आणि ही उतरण नटांच्या जोराने न येता पकडीने चामडे ओढून आलेली असावी. हे सांगायला सोपे आहे. करताना चामडे एका बाजूला ओढले की दुसऱ्या बाजूने सरकते. कण्याची दोन टोके हलत नाहीत, पोटाकडचा भाग मात्र नुसत्या बोटाने लांबतो. म्हणून कण्याच्या दोन टोकांपासून सुरुवात करून मगच कडांकडे वळायचे, आणि पोटाच्या भागाला ओढण्यापेक्षा धरून ठेवायचे. किती धरायचे याचे माप नाही. दोन चामडी सारखी नसतात, आणि एकाच कातड्यातून कापलेले दोन गोलही सारखे वागत नाहीत. तोच हात, तेच पाणी, तोच ओढा, तरी एक ढोल गातो आणि दुसरा फक्त वाजतो. या फरकाचे पूर्ण कारण कोणाला सांगता आले, तर हे काम यंत्राला देऊन टाकता येईल.

वाळण्याला घाई चालत नाही. ऊन आणि पंखा दोन्ही वर्ज्य. वरचा थर आधी वाळला की तो आतल्या ओल्या थराला खेचतो आणि चामडे वाकडे बसते. सावलीत, खेळत्या पण मंद हवेत, जाडीप्रमाणे चार-पाच दिवस किंवा जास्त. मग वर आलेला जादा काठ कापायचा. इथेही एक मोह आड येतो. काठ रिंगेच्या अगदी लगत, स्वच्छ गोल कापला की ढोल देखणा दिसतो, आणि बघणारा कारागिराच्या हाताला दाद देतो. पण बोटभर काठ राखलेले चामडे आटे संपल्यावर पुन्हा भिजवून, पुन्हा ओढून बसवता येते. लगत कापलेल्या चामड्याचे दुसरे आयुष्य तिथेच संपते. देखण्या कापणीसाठी कितीतरी उत्तम चामडी अशी वाया गेली आहेत.

खोडाबद्दल थोडक्यात. चामडे जिथे टेकते तो काठ गोलसर आणि एकाच पातळीत हवा. फार धारदार काठ चामडे कापतो, फार रुंद काठ आवाज गिळतो. लाकडाच्या जातीवरून होणारे वाद बरेचसे निरर्थक आहेत. देवदाराच्या कुळाशी संबंध नसलेला क्युबन ‘सेद्रो’, महोगनी, ओक या सर्वांतून उत्तम ढोल निघाले आहेत. 1962 च्या अमेरिकन व्यापारबंदीने क्युबन ढोल अमेरिकेत मिळेनासे झाले, आणि 1964 मध्ये मार्टिन कोहेन यांनी न्यू जर्सीत लॅटिन पर्कशन ही कंपनी काढली. लॉस एंजेलिसमध्ये गॉन बॉप्स 1954 पासून होतीच. या कारखान्यांनी गोलाई, आटे आणि रिंगा यांत जी अचूकता आणली ती हातकामाला क्वचितच साधते. फायबरग्लासचे खोडही मोठ्या मंचावर आपले काम चोख करते. तक्रार चामड्याबद्दल आहे. ते साच्यात दाबून, एका मापात, एका वेगात बसवले जाते आणि त्याचे पोट, त्याचा कणा कोणी हातात धरून पाहत नाही. प्लास्टिकचे पडदे त्याही पुढचे पाऊल आहेत. ते पावसात सूर सोडत नाहीत, पण हाताची ऊब आणि दाब यांना उत्तर देत नाहीत.

जुना ढोल दुरुस्तीला येतो तेव्हा पहिली गोष्ट खुणा करण्याची. प्रत्येक हूक, प्रत्येक कान, रिंगेची दिशा खडूने नोंदवूनच चामडे उतरवायचे. पन्नास वर्षांत खोड अंडाकृती झालेले असते आणि रिंगा त्याच आकारात वाकलेल्या असतात. त्या उलट्या फिरवून बसवल्या की कुठेच नीट बसत नाहीत. पट्ट्यांमधल्या फटी लाकूड आक्रसल्याने पडतात. त्यात लांबी भरू नये. जुना सरस खरवडून, नव्याने चिकटवून, पट्ट्याने आवळून ठेवावे. सर्वांत मोठा मोह पॉलिशचा. वादकाच्या गुडघ्याने घासलेला भाग, सिगारेटचा डाग, जुन्या रंगाचे थर काढून खोड नव्यासारखे चमकवले की कारागिराला आनंद होतो आणि ढोलाचा इतिहास नाहीसा होतो. क्रांतिपूर्व हवानातल्या कार्यशाळांचे कितीतरी ढोल असे चकाकून निघाले आहेत, आणि आता ते कोणाच्या हातचे हे ओळखता येत नाही.

एका प्रकारच्या ढोलाला मात्र दुरुस्तीवाल्याने परवानगीशिवाय हात लावू नये. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा परंपरेतले बाता हे दोन तोंडांचे, वादीने आवळलेले ढोल तिघांच्या संचात असतात: इया, इतोतेले, ओकोंकोलो. यांपैकी प्रतिष्ठापना झालेल्या संचात आन्या या शक्तीचा वास मानतात. असे ढोल उघडणे, वाजवणे, दुरुस्त करणे हा दीक्षा घेतलेल्यांचाच अधिकार आहे. क्युबन अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी 1936 साली हवानात बाता जाहीरपणे ऐकवले, तेव्हा त्यासाठी प्रतिष्ठापना न झालेले ढोल मुद्दाम घडवून घेतले होते. बाहेरच्या कारागिराला तेवढेच मोकळे आहेत.

राहिली रोजची निगा. वाजवून झाले की सर्व नट सारख्या फेऱ्यांनी उतरवावेत. रात्रभर ताणाखाली राहिलेले चामडे आपली लवचीकता गमावते आणि खोडाच्या सांध्यांवरही भार येतो. चढवताना एकेका नटाला पाव फेरा देत गोलाभोवती फिरावे, एकाच नटावर जोर देऊ नये. चामड्याला तेल लावू नये. वादकाच्या हाताचे तेल त्याला पुरते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ही वाद्ये आणल्यापासून इथल्या ढोलांना एक खास त्रास आहे. जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, चामडे पाणी पिऊन ढिले पडते, आणि वादक पाना घेऊन सूर चढवतो. मग तोच ढोल वातानुकूलित स्टुडिओत जातो, तासाभरात चामडे वाळून आक्रसते, आणि आधीच चढवलेल्या ताणाने कण्याच्या रेघेलगत फाटते. पावसाळ्यात स्टुडिओत नेण्यापूर्वी ढोल उतरवलेलाच असावा, आत अर्धा तास ठेवून मगच सूर लावावा, आणि बाहेर काढण्याआधी पुन्हा उतरवावा. कापडी पिशवीत बंद करून ठेवलेल्या ओलसर चामड्यावर आतून बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर पिशवी काढून ढोल जमिनीपासून उचलून, खालचे तोंड मोकळे राहील असा ठेवावा.